तळपाय दाबून घेताय? रिफ्लेक्सॉलॉजीकडून काय अपेक्षा ठेवावी

"डॉक्टर, तळपायाचे पॉइंट दाबले तर शुगर कमी होते का?" भंडारा, तुमसर, साकोली भागातले रुग्ण हा प्रश्न वरचेवर विचारतात. गावात शिबिर लागते, बाजारात काटेरी पादुका आणि लाकडी रोलर मिळतात, मोबाईलवर तळव्याचा रंगीत नकाशा येतो.

थोडक्यात उत्तर असे की रिफ्लेक्सॉलॉजीने बऱ्याच लोकांना आराम वाटतो, काहींना झोपही बरी लागते. पण तिने मधुमेह, रक्तदाब, थायरॉईड किंवा मूतखडा बरा होत नाही. आणि पायालाच काही आजार असेल, तर दाबून घेण्याआधी तो ओळखावा लागतो. आपल्या जिल्ह्यात ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, म्हणून या लेखात तिला जास्त जागा दिली आहे.

एका बैठकीत काय होते?

साधारण अर्धा ते एक तास लागतो. चांगला उपचारक आधी तुमचे आजार, चालू औषधे, झालेली ऑपरेशने विचारतो आणि दोन्ही पाय नीट बघतो. मग पाय धुऊन तुम्हाला आडवे किंवा रेलून बसवतात. थोडे तेल किंवा पावडर लावून अंगठ्याच्या टोकाने, सुरवंट सरकावा तसा, तळवा थोडा थोडा दाबत नेतात. काही जण लाकडी 'जिमी'ने दाबतात. अंगठ्याच्या तुलनेत लाकडी टोकाने किती जोर पडतोय हे दाबणाऱ्याला नीट कळत नाही, त्यामुळे मी जिमी टाळायला सांगतो.

दाब जाणवला पाहिजे, पण तोंडातून कळ निघेल इतका नको. "जितके दुखेल तितका फायदा" असे कोणी म्हणत असेल तर थांबवायला सांगा. बैठकीनंतर थोडी गुंगी, आळस, तळव्याला हलका ठणका राहू शकतो. दुसऱ्या दिवशीही पाय टेकवत नसेल किंवा काळेनिळे डाग पडले असतील, तर दाब जास्त झाला आहे.

नंतर जास्त लघवी झाली की "शरीरातले विष बाहेर पडले" असे सांगितले जाते. शरीरातली घाण काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे रोज करतात, त्यासाठी तळवा दाबावा लागत नाही. काही ठिकाणी पाय मिठाच्या पाण्यात ठेवून वीज सोडतात आणि पाणी तपकिरी झालेले दाखवतात. तो रंग मुख्यतः यंत्राच्या धातूच्या पट्ट्यांना चढणाऱ्या गंजाचा असतो. पाय न घालता यंत्र चालवले तरी पाणी तसेच होते.

तळव्यावरचा नकाशा आला कुठून?

पुष्कळांना वाटते की हे आयुर्वेदातले आहे. आपल्याकडे पादाभ्यंग आहे, काशाच्या वाटीने तूप किंवा तेल लावून तळपाय घासण्याची घरगुती पद्धत आहे. पण बोटांत डोके, मधल्या खोलगट भागात पोट, टाचेत ओटीपोट असा नकाशा तिथून आलेला नाही. अमेरिकेतले कान-नाक-घशाचे डॉक्टर विल्यम फिट्झजेराल्ड यांनी १९१७ साली 'झोन थेरपी' नावाचे पुस्तक सहलेखकासह काढले. शरीराचे उभे दहा पट्टे मानून एका जागी दाब दिल्यास त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या जागी परिणाम होतो, अशी ती कल्पना होती. पुढे १९३०च्या दशकात युनिस इंगहॅम या बाईंनी ती तळव्यावर आणली आणि आजचा नकाशा तयार झाला.

तळव्याचा एखादा बिंदू स्वादुपिंडाला किंवा मूत्रपिंडाला जोडणारी वेगळी नस शरीररचनेत सापडत नाही. इंग्लंडमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन प्रशिक्षित रिफ्लेक्सॉलॉजिस्टना रुग्णांचे आजार न सांगता फक्त पाय तपासायला दिले होते. कोणाला कोणता आजार आहे हे त्यांना ओळखता आले नाही आणि दोघांचे निष्कर्ष एकमेकांशीही जुळले नाहीत.

म्हणून "इथे दुखते, म्हणजे तुमची किडनी कमजोर आहे" या निदानावर विश्वास ठेवू नका. तळवा दुखण्याची कारणे बहुतेक वेळा तळव्यातच असतात. सकाळी पहिले पाऊल टाकताना टाचेत कळ येत असेल तर तळव्याच्या जाड पडद्याला सूज आलेली असू शकते. घट्टे, भेगा, रुतलेला काटा, वाढलेले युरिक ॲसिड हीही नेहमीची कारणे आहेत.

मग फायदा कशात होतो?

ब्रिटनमधील प्राध्यापक एडझार्ड अर्न्स्ट यांनी २००९ मध्ये १८ चाचण्यांचा आढावा घेतला. कोणत्याही आजारावर रिफ्लेक्सॉलॉजी परिणामकारक असल्याचे खात्रीलायक सिद्ध होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तरीही ताण, थकवा, झोप यांबाबत काही रुग्णांना बरे वाटते हे नाकारण्याचे कारण नाही. कर्करोगाचे उपचार घेणाऱ्यांनाही अशा हलक्या हाताच्या स्पर्शाने कधी कधी आराम पडतो. कोणी तासभर शांतपणे आपल्याकडे लक्ष देते, याचाही त्यात वाटा असतो. तेवढ्यासाठी घ्यायचे असेल तर माझी हरकत नाही. घरच्या माणसाने रात्री हलक्या हाताने पाय चेपून दिले तरी बराचसा तोच आराम मिळतो, आणि फुकट.

दाबण्याआधी पाय बघा

मधुमेह जुना असेल तर पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. रुग्ण म्हणतो, "मला काहीच दुखत नाही, जोरात दाबा," आणि धोका तिथेच असतो. घरच्यांनी एक सोपी तपासणी करावी. रुग्णाला डोळे मिटायला सांगा आणि दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला आपल्या बोटाच्या टोकाने एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करा. दाबू नका, घासू नका. सहापैकी दोन किंवा जास्त स्पर्श कळले नाहीत, तर संवेदना कमी झाल्याचा संशय घ्यावा आणि डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यावेत. अशा पायाला जिमी, काटेरी पादुका, रोलर काहीही नको. बैठकीआधी पाय गरम पाण्यात ठेवतात तेही टाळा. बधिर पायाला चटका कळत नाही, फोड दुसऱ्या दिवशी दिसतो आणि त्याची जखम महिनोन्‌महिने भरत नाही.

दुसरा आजार हत्तीरोग. पूर्व विदर्भात तो जुना आहे, त्यासाठीच घरोघरी गोळ्या खाऊ घालण्याची मोहीम येते आणि रात्री रक्ताचे नमुने घेतात. यात लसिकावाहिन्या बिघडलेल्या असतात. पॉइंट दाबून त्या मोकळ्या होत नाहीत. उलट जोराच्या चोळण्याने कातडी सोलली की जंतू आत शिरतात. सुजलेला पाय रोज साबण-पाण्याने धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, बसताना-झोपताना उंचावर ठेवण्याने जास्त फायदा होतो. पाय लाल, गरम, ठणकणारा झाला आणि थंडी वाजून ताप आला, तर त्या दिवशी मालीश अजिबात नको, डॉक्टरांना दाखवा.

सिकलसेलबद्दल आईवडिलांनी विशेष लक्ष द्यावे. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाचे हाताचे पंजे आणि पावले अचानक सुजतात, बाळ हात लावू देत नाही. "मुरगळले असेल" म्हणून चोळणाऱ्याकडे नेले जाते. ही सिकलसेलची पहिली खूण असू शकते. हाडांचा रक्तपुरवठा अडल्याने ही सूज येते, ती दाबायची नसते. बाळाला लगेच दवाखान्यात न्या. सिकलसेलची प्राथमिक तपासणी शासकीय आरोग्य केंद्रात होते. मोठ्या रुग्णाला वेदनेचा झटका आला तर भरपूर पाणी, ऊब आणि डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक द्यावे. पाय थंड पाण्यात बुडवू नयेत. ताप, छातीत दुखणे किंवा धाप असेल तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.

रोवणीच्या दिवसांत बायांचे पाय तासन्‌तास बांधीतल्या चिखलात असतात. बेचक्यांत चिखल्या होतात, टाचा फाटतात. अशा पायाला आधी मलम आणि कोरडेपणा हवा. चिखल्या असताना एकाच टॉवेलने आणि एकाच तेलाच्या वाटीतून सगळ्यांचे पाय चोळले, तर ती बुरशी दुसऱ्याला लागते. शिबिरात हे जरूर बघा.

आणि एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखते आहे, विशेषतः बाळंतपण, ऑपरेशन किंवा बरेच दिवस अंथरुणावर राहिल्यानंतर, तर पोटरी चोळू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

उपचारकाशी आणि डॉक्टरांशी काय बोलावे?

गर्भारपण, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, पायातली जुनी जखम किंवा बसवलेली सळई याबद्दल उपचारकाला आधीच सांगा. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे, रिफ्लेक्सॉलॉजीसाठी तसा नाही. त्यामुळे भिंतीवरचे प्रमाणपत्र थोड्या दिवसांच्या वर्गाचेही असू शकते. वीस-पंचवीस बैठकींचे पैसे आगाऊ भरू नका. दोन-तीन वेळा घेऊन बघा, बरे वाटले तर पुढचे ठरवा.

रक्तदाबाची गोळी, इन्सुलिन, हायड्रॉक्सीयुरिया यांतले काहीही उपचारकाच्या सांगण्यावरून कमी करू नका. शुगर खरोखर उतरली असेल तर ती तपासणीत दिसेल आणि डोस तुमचे डॉक्टर बदलतील. इन्सुलिन किंवा मधुमेहाची गोळी घेऊन उपाशीपोटी बैठकीला बसू नका. मध्येच घाम सुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर "पॉइंट लागू पडला" असे समजू नका. ती साखर उतरल्याची लक्षणे असू शकतात. तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, आणि रुग्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता १०८ला फोन करा.