चांद्रयान उतरतं, मग पाऊस का सांगता येत नाही?

मागच्या खरिपात लोहा तालुक्यातल्या एका वस्तीवर बचत गटाची बैठक होती. हिशोब आटोपल्यावर बोलणं पावसावर आलं. एका मावशींनी तीन एकर बटईनं केलं होतं. मोबाइलवर पावसाचा अंदाज आला म्हणून त्यांनी सोयाबीन पेरलं. दोन सरी पडल्या आणि मग अठरा दिवस आभाळ कोरडं. दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर आणावं लागलं. त्या मला म्हणाल्या, "ताई, चांद्रयान चंद्रावर बरोबर उतरवतात. मग आमच्या शिवारात पाऊस कधी पडंल, एवढं सांगता येत नाही का?"

मागं बसलेला एक पोरगा हसत म्हणाला, "त्यापेक्षा पंचांग बरं. मृगाचं वाहन बेडूक असलं की पाऊस ठरलेला!"

मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी, गणिताची नाही. पण हे दोन्ही प्रश्न उत्तराशिवाय सोडण्यासारखे नव्हते. म्हणून वाचलं, जाणकारांना विचारलं. जे समजलं ते इथे मांडते आहे.

एक दशांश आकडा आणि मोठा धडा

चंद्र, पृथ्वी, यान यांची गती गणितानं फार पुढपर्यंत काढता येते. आज यानाच्या जागेत थोडी चूक असली, तर उद्याच्या उत्तरातही थोडीच चूक येते आणि ती वाटेत दुरुस्त करता येते. म्हणूनच 23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 ठरल्याप्रमाणे उतरलं. ग्रहणाच्या तारखाही वर्षानुवर्षं आधी सांगता येतात.

हवा मात्र प्रवाही आहे. तिचं गणित वेगळं वागतं. हे ठळकपणे दाखवलं अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतील एडवर्ड लॉरेन्झ यांनी. मूळचे गणिताचे विद्यार्थी असलेले लॉरेन्झ पुढे हवामानशास्त्राकडे वळले. 1961 मध्ये ते संगणकावर हवामानाचं एक सोपं प्रारूप चालवत होते. जुनं गणित पुन्हा तपासायचं होतं, म्हणून त्यांनी छापील कागदावरचा मधला एक आकडा भरला, 0.506. संगणकाच्या आत तोच आकडा 0.506127 असा होता. फरक इतका किरकोळ की कुणीही सोडून दिला असता. पण थोड्याच वेळात नवं उत्तर जुन्यापासून दूर गेलं आणि पुढे दोन्हींचा काही संबंधच उरला नाही.

1963 मध्ये त्यांनी यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात फक्त तीन समीकरणं होती. चहाचं पातेलं चुलीवर ठेवलं की खालचं गरम पाणी वर येतं, वरचं थंड पाणी खाली जातं आणि पाणी गोल फिरू लागतं. त्याच फिरण्याचं ते अतिशय सोपं केलेलं गणित. त्यात नशीब नाही, फासा नाही, सगळे नियम पक्के. तरीही फिरणं कधी या बाजूनं, कधी त्या बाजूनं, आणि तोच क्रम पुन्हा कधीच नाही. नियम पक्के असूनही दूरचं भाकीत अशक्य, या स्थितीला आज 'केऑस' म्हणतात. 1972 मध्ये लॉरेन्झ यांनी एका व्याख्यानात विचारलं होतं, की ब्राझीलमध्ये फुलपाखरानं पंख फडफडवले तर टेक्सासमध्ये वादळ येईल का? 'बटरफ्लाय इफेक्ट' हा शब्द तिथून लोकांच्या तोंडी बसला.

मोबाइलवर करून पाहा

हे पटत नसेल तर मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडा. शून्य आणि एकच्या मधला एक आकडा घ्या. एकमधून तो वजा करा, आलेल्या उत्तराला त्याच आकड्यानं गुणा, मग चारनं गुणा. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा तेच करा.

सुरुवात 0.3 ने केली तर पहिल्या फेरीत 0.84 आणि दुसऱ्या फेरीत 0.5376 येतं. सुरुवात 0.301 ने केली तर दुसऱ्या फेरीत 0.5332 येतं. म्हणजे जवळपास तेच. पाचव्या फेरीत एकीकडे 0.088, दुसरीकडे 0.069. दहाव्या फेरीत मात्र एकीकडे 0.043 आणि दुसरीकडे 0.620! सुरुवातीचा फरक होता फक्त एक हजारांशाचा.

असं का होतं? इथं आकडा स्वतःलाच गुणला जातो. दोन किलो साखरेला एका किलोच्या दुप्पट पैसे लागतात, हे सरळ नातं. जिथं परिणाम परत कारणावर जाऊन आदळतो, तिथं सरळ नातं राहत नाही. त्याला 'अरेषीय' म्हणतात. वारा वाफ वाहून नेतो, वाफेचा ढग होताना उष्णता सुटते आणि ती उष्णता वारा बदलते. प्रत्येक गावात, आभाळात, समुद्रावर हवा मोजणारं यंत्र नाही. त्यामुळे आजच्या मोजणीत बारीक चूक राहणारच, आणि ती दिवसागणिक वाढत जाते. म्हणून अमुक दिवशी अमुक ठिकाणी पाऊस, असं सांगण्याची मर्यादा साधारण दोन आठवडे मानली जाते. एखाद्या गावापुरतं बोलायचं तर ती त्याहून बरीच कमी.

मग मान्सूनचा अंदाज कसा देतात?

इथं पुण्याच्या एका विदुषीचं काम समजून घेण्यासारखं आहे. सुलोचना गाडगीळ यांचा जन्म 1944 चा. पुण्यात शिक्षण घेऊन त्या हार्वर्डला गेल्या. उपयोजित गणितातली त्यांची पीएचडी 1970 ची. विषय प्रवाहांचाच होता, अटलांटिक महासागरातल्या गल्फ स्ट्रीमची नागमोडी वळणं. त्यानंतर एमआयटीत त्यांनी ज्यूल चार्नी यांच्याबरोबर काम केलं आणि परत येऊन पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत व पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत मान्सूनचा अभ्यास केला.

1980 मध्ये डी. आर. सिक्का आणि गाडगीळ यांनी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून दाखवलं, की पावसाळ्यात ढगांचा पट्टा विषुववृत्ताजवळच्या हिंदी महासागरावरून उत्तरेकडे सरकत येतो आणि काही आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा येतो. आपण ज्याला पावसाचा खंड म्हणतो, त्यामागची ही मोठी हालचाल आहे. पुढच्याच वर्षी चार्नी आणि भारतीय शास्त्रज्ञ जगदीश शुक्ल यांनी आणखी एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. रोजची हवा चंचल असली, तरी समुद्राचं तापमान सावकाश बदलतं. त्यामुळे हंगामाच्या सरासरीचा काही अंदाज बांधता येतो. उद्या सोनखेडला पाऊस पडेल का आणि यंदा मराठवाड्यात पाऊस कमी राहील का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

केऑस समजल्यावर अंदाजाची रीतही बदलली. 1992 पासून युरोप-अमेरिकेतल्या केंद्रांनी एकच गणित सुरुवातीचे आकडे किंचित बदलून अनेकदा चालवायला सुरुवात केली. आज भारतातही हेच होतं. वीसपैकी सोळा उत्तरांत पाऊस असेल तर शक्यता जास्त, पाचच उत्तरांत असेल तर कमी. म्हणजे खरा अंदाज हा 'शक्यता किती' असाच असतो. आपल्यापर्यंत येईपर्यंत मात्र त्याचं 'उद्या जोरदार पाऊस' एवढंच उरतं. मावशींची फसगत इथं झाली.

त्या पोराला मी म्हटलं, "अंदाज देणारे आपली चूक मोजतात, सांगतात आणि सुधारतात. बेडकाच्या वाहनाचं किती वर्षं चुकलं, याचा हिशोब कुणी ठेवलाय का?"

आपल्याला यातून काय घ्यायचं?

एक सावधगिरी आधी. केऑसचं नाव ऐकून आपल्यातले काही जण लगेच म्हणतील, हाच प्रतीत्यसमुत्पाद, विज्ञानानं सिद्ध केला. असं म्हणायची घाई करू नये. लॉरेन्झ यांची समीकरणं प्रवाहाची आहेत, दुःखाची नाहीत. एवढंच लक्षात ठेवू, की भाकीत करता येत नाही म्हणून कारण नसतं असं होत नाही. ज्याला कारण आहे त्याला दैव म्हणून हात टेकायचे नसतात. 1942 ते 1946 या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. 1943 च्या पुरानंतर दामोदर खोऱ्याच्या योजनेचा त्यांनी पाठपुरावा केला. पुराकडे त्यांनी कोप म्हणून पाहिलं नाही.

दुसरी गोष्ट विषमतेची. 2006 मध्ये सुलोचना आणि सिद्धार्थ गाडगीळ यांनी 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त दाखवलं, की शेतीचा देशाच्या उत्पन्नातला वाटा घटला, तरी मोठ्या दुष्काळाचा फटका राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन ते पाच टक्के इतका कायम राहिला. हा झाला देशाचा आकडा. फटका घरोघर सारखा बसत नाही. विहीर असलेला शेतकरी खंड काढतो, बटईदार आणि शेतमजूर मोडतो. ऑगस्ट 2025 मध्ये आपल्या शेजारच्या मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगाव भागात रात्रीतून पाणी शिरलं, माणसं आणि जनावरं गेली. ढग नेमका कोणत्या गावावर फुटेल हे आठवडाभर आधी सांगता येत नाही. पण पाणी आलं तर आधी कोणती वस्ती बुडेल, हे गावात प्रत्येकाला माहीत असतं. बहुतेक गावांत ती ओढ्याकाठची, सखल भागातलीच असते. त्यात केऑस काही नाही.

म्हणून तरुणांनी चार कामं हाती घ्यावीत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला विहारात किंवा समाजमंदिराच्या फळ्यावर लिहावा आणि त्यात 'शक्यता' हा शब्द गाळू नये. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी नको, हा कृषी विभागाचा सल्ला बटईदारांपर्यंत पोचवावा. विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप रानात जाणाऱ्या प्रत्येक घरात एका तरी मोबाइलवर असावं. आणि ओढ्याकाठच्या वस्तीसाठी उंचावरची जागा कोणती, रात्री किल्ली कुणाकडे, हा ठराव पावसाळ्याआधीच ग्रामसभेत लिहून घ्यावा.

मावशींना मी शेवटी एवढंच सांगितलं, "पाऊस नेमका कधी येईल हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका." त्या म्हणाल्या, "मग पुढच्या साली एकदम पेरत नाही. निम्मं आधी, निम्मं मागून."