पुसला गेलेला पाऊस

जुन्या हॉलिवूडपटांच्या तबकड्या जमविण्याचा माझा छंद स्नेहीमंडळींना निरुपद्रवी, पण काहीसा अनाकलनीय वाटतो. ‘डॉक्टर, हे सारे आता इंटरनेटवर दिसते, मग कपाटे कशाला भरता?’ असा प्रश्न हमखास येतो. माझे उत्तर एका खिडकीबाहेरच्या पावसात आहे.

ऑर्सन वेल्सचा ‘सिटिझन केन’ 1941 सालचा. त्याची मूळ निगेटिव्ह 1970 च्या दशकात न्यू जर्सीतील एका फिल्म प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत नष्ट झाली. सुदैवाने 1940 च्या दशकात काढून ठेवलेली पॉझिटिव्ह प्रत शाबूत होती. 2001 मध्ये संगणकाच्या साहाय्याने स्वच्छ केलेली डीव्हीडी निघाली. धूळ नाही, ओरखडा नाही! ती मी अनेकदा पाहिली, इतरांनाही कौतुकाने दाखविली. पुढे 2011 ची ब्लू-रे तबकडी हाती आली. म्हातारा बर्नस्टीन कचेरीत बसून आठवणी सांगत असतो, त्या प्रसंगी त्याच्या मागील खिडकीवर पावसाचे थेंब दिसले. जुन्या तबकडीत ते नव्हतेच. स्वच्छतेच्या भरात धुळीबरोबर पाऊसही पुसला गेला होता, आणि इतकी वर्षे मला त्याची उणीव भासली नव्हती! क्ष-किरण चित्र नितळ दिसावे म्हणून त्यातील सूक्ष्म छायाच घालवावी, तसा हा प्रकार.

तेव्हापासून तबकडी घेताना मी प्रथम विचारतो, ती कोणत्या मूळ सामग्रीवरून व कशी तयार केली? कारण फिल्मलाही व्याधी असतात. 1950 च्या सुमारापर्यंत वापरात असलेली नायट्रेट फिल्म अत्यंत ज्वालाग्राही. तिच्या जागी आलेली ॲसिटेट फिल्म जळण्याच्या बाबतीत सुरक्षित, पण कालांतराने तिच्यातून ॲसेटिक आम्ल सुटू लागते. डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला की निदान झालेच.

रंगांची कथा याहून विलक्षण. ‘गॉन विथ द विंड’ (1939) टेक्निकलरच्या कॅमेऱ्याने तीन स्वतंत्र कृष्णधवल निगेटिव्हवर टिपला गेला. मुळात रंगद्रव्यच नसल्याने उडण्यासारखे काही नव्हते. मात्र तिन्ही पट्ट्या सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, त्यामुळे जुन्या प्रतींत आकृत्यांच्या कडांना रंगीत झालर दिसे. संगणकाने तिन्ही चित्रे तंतोतंत जुळवून 2004 मध्ये त्याची डीव्हीडी निघाली. याउलट 1950 नंतर रूढ झालेल्या ईस्टमनकलरमध्ये तिन्ही रंगांचे थर एकाच पट्टीवर असत. सोय झाली, खर्च वाचला, पण रंग विटू लागले. त्यामुळे 1939 चा चित्रपट पुष्कळदा 1960 च्या चित्रपटापेक्षा ताजा दिसतो.

पुनरुज्जीवनात भर किती घालावी, हा वादाचा विषय आहे. ‘स्पार्टाकस’ (1960) मधील वगळलेला स्नानगृहातील प्रसंग 1991 मध्ये पुन्हा जोडला गेला, तेव्हा त्याचा ध्वनी उपलब्ध नव्हता. लॉरेन्स ऑलिव्हिए 1989 मध्येच निवर्तले होते, म्हणून त्यांचे संवाद अँथनी हॉपकिन्सने म्हटले. हे मला मान्य आहे, दुसरा मार्गच नव्हता. हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’च्या 1996 च्या पुनरुज्जीवनात मात्र पावलांचे, बंदुकीचे आवाज नव्याने ध्वनिमुद्रित करून घातले. ते मला आजही खटकतात. मूळ मोनो ध्वनी देणारी तबकडी मिळत असेल तर तीच घ्यावी.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. सेकंदाला 24 चित्रांचा चित्रपट पाल पद्धतीच्या डीव्हीडीत बहुधा 25 च्या वेगाने धावतो. 227 मिनिटांचा ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ त्यामुळे सुमारे नऊ मिनिटे आधी संपतो, आणि वेग तसाच ठेवून आवाज दुरुस्त केला नसेल तर पीटर ओटूलचा स्वरही किंचित चढतो. ब्लू-रेमध्ये सहसा ही अडचण नाही. तेथे प्रदेशाचा संकेत तेवढा तपासावा, अमेरिकेतून मागविलेली तबकडी आपल्याकडील यंत्रावर चालेलच असे नाही.

तबकडीही अमर नाही, हे अलीकडे कळू लागले आहे. माझ्या संग्रहातील 2007 च्या सुमाराच्या तीन डीव्हीडी मध्येच अडकतात. वरून ओरखडाही नाही, बिघाड आतील थरांत आहे. म्हणून न उघडलेले संचसुद्धा वर्षातून एकदा यंत्रात घालून पाहावेत.

पाऊस नसलेली ती 2001 ची ‘केन’ मात्र अद्याप ठणठणीत आहे. मी ती 2011 च्या तबकडीशेजारीच ठेवली आहे.