काल, खाल, गाल, घाल : एका मोजपट्टीची गोष्ट

सुरुवातीलाच आपण एक छोटा प्रयोग करू. तळहात ओठांसमोर धरा आणि चार शब्द म्हणा : काल, खाल, गाल, घाल. ‘खाल’ म्हणताना हाताला हवेचा झोत लागतो, ‘काल’ म्हणताना जवळजवळ नाहीच. आता बोटं गळ्यावर ठेवा. ‘गाल’ म्हणताना कंप लवकर सुरू होतो. अल्पप्राण-महाप्राण, घोष-अघोष असं आपण शाळेत पाठ केलं, ते हेच.

ध्वनिशास्त्राचे संशोधक हा फरक मोजतात. अडवलेली हवा सुटते तो क्षण शून्य धरायचा आणि स्वरतंतूंचा कंप त्याच्या किती आधी किंवा नंतर सुरू झाला ते पाहायचं. याला ‘व्हॉइस ऑनसेट टाइम’ म्हणतात. आपण घोषारंभकाल म्हणू. ‘क’मध्ये कंप साधारण 20-25 मिलिसेकंदांनी सुरू होतो, ‘ख’मध्ये त्याच्या तीन-चार पट उशिरा, आणि ‘ग’मध्ये हवा सुटण्याआधीच.

ली लिस्कर आणि आर्थर अब्रामसन यांनी 1964 साली ही मोजपट्टी 11 भाषांना लावून पाहिली. त्यांत इंग्रजी, तमिळ, थाई, कोरियन होत्या, तशाच हिंदी आणि मराठीही होत्या. बहुतेक भाषांत तिचं काम चोख झालं. पण ‘गाल’ आणि ‘घाल’पाशी ती अडली. का? तर कंप दोन्हीकडे आधीच सुरू झालेला असतो. फरक त्या कंपाच्या वेळेत नाही, त्याच्या प्रकारात आहे. ‘घ’नंतर स्वरतंतू थरथरतात खरे, पण पूर्ण मिटत नाहीत, मधून हवा निसटत राहते आणि पुढचा स्वर श्वासाने भरलेला येतो. म्हणजे इथे घड्याळ उपयोगाचं नाही, आवाजाचा पोतच तपासायला हवा.

मराठीची गंमत इथे संपत नाही. ‘नाणी’ आणि ‘न्हाणी’ म्हणून बघा. हा श्वासमिश्रित आवाज आपण न, म, ल, व यांनाही जोडतो. जगातल्या फार थोड्या भाषांत असं होतं. केली बर्कसन यांनी कॅन्सस विद्यापीठातला आपला 2013चा पीएच.डी. प्रबंध यावरच लिहिला. पाच स्त्रिया आणि पाच पुरुष अशा दहा मराठी भाषकांकडून त्यांनी एका ठरावीक वाक्यात शब्द म्हणवून घेतले आणि एकच नव्हे, अनेक मापं घेतली. तेव्हा असं दिसलं, की ‘ग-घ’सारख्या जोड्यांत फरक जितका ठसठशीत आहे तितका ‘न-न्ह’सारख्या जोड्यांत नाही. शिवाय या दुसऱ्या प्रकारच्या जोड्यांत स्त्रिया आणि पुरुष तो वेगवेगळ्या खुणांनी दाखवतात.

आता प्रश्न येतो, याने काय बिघडतं? समजा, एखादं मूल ‘न्हाणी’ला ‘नाणी’ म्हणतं. तो वाचादोष मानायचा का? हे ठरवण्याआधी घरातली मोठी माणसं तो शब्द कसा म्हणतात, हे माहीत नको का? आणि आपली मोजपट्टी जर इंग्रजीसाठी पुरणारी, पण मराठीला अपुरी असेल, तर फरक असूनही आपण ‘फरक नाही’ असं लिहून मोकळे होऊ. चूक बोलणाऱ्याची नसेल, मोजणाऱ्याची असेल.

म्हणून या क्षेत्रात येणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही दोन गोष्टी सांगतो. पहिली, माप निवडण्याआधी कानाने ऐका; भाषक जो फरक ऐकतात, तो तुमच्या आलेखात दिसत नसेल तर आधी आलेखावर शंका घ्या. दुसरी, कुणाचा आवाज नोंदवला ते स्पष्ट लिहा. दहा जणांची मराठी म्हणजे अख्खी मराठी नव्हे. वऱ्हाडातली, मालवणातली, खानदेशातली माणसं तेच शब्द कसे उच्चारतात, हे त्यांच्याकडे जाऊनच कळेल. तिथे जाताना ‘शुद्ध-अशुद्ध’ हे शब्द घरी ठेवून जायचं. आपण मोजायला जातो, गुण द्यायला नाही.