शेगडीत उंदराने घर केले तर...

पाऊस ओसरला की आपल्या वस्त्यांत धम्मचक्र प्रवर्तन दिनाची तयारी सुरू होते. विहाराला रंग लागतो, पंचशील ध्वज धुऊन ठेवला जातो आणि मागच्या पडवीत ताडपत्रीखाली चार महिने पडून राहिलेली कोळशाची शेगडी बाहेर निघते. विरारकडे या शेगडीला विशेष मान. आगाशी-विरारचे भुजिंग म्हणजे निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी आणि पोहे. ते कुणी घरच्या कार्याला करतो, तर कुणी संध्याकाळी हातगाडी लावून त्यावरच घर चालवतो.

पण ताडपत्री उचलावी तर जाळीखाली चिंध्या, कागदाचे कपटे, नारळाचा काथ्या, काळ्या लेंड्या आणि नाकात जाणारा उग्र दर्प! उंदराने पावसाळा तिथेच काढलेला असतो. अशा वेळी आपल्याकडे दोनच गोष्टी होतात. एक तर झाडू घेऊन खसाखसा झाडतात, नाही तर "आगीत सगळे शुद्ध होते" म्हणून घरट्यासकट कोळसा पेटवतात. दोन्ही घातक आहेत.

उंदराच्या मुतातून लेप्टोचे जंतू पसरतात. ते हातापायाच्या जखमेतून, डोळ्यांतून, तोंडातून शरीरात शिरतात. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाने किती घरांत आकांत झाला, हे आपण विसरलेलो नाही. जुलै 2018 मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, तेव्हाही हीच धास्ती होती. लेंड्यांमध्ये अन्नातून विषबाधा करणारे जंतूही असतात. कोरडे झाडले की ही सारी धूळ नाकातोंडात जाते आणि शेजारच्या पाण्याच्या पिंपावरही बसते. घरटे पेटवले तर त्यातल्या प्लॅस्टिकचा धूर छातीत जातो. म्हणून एकच सूत्र ध्यानात ठेवा : आधी भिजवा, मग उचला.

सफाई अशी करा

शेगडी उघड्यावर, अन्नपाण्यापासून दूर न्या. मुले आणि गरोदर बाई यांना लांब ठेवा. वारा पाठीवर येईल असे उभे राहा. नाकातोंडाला फडके बांधा, हातात रबरी मोजे घाला. हातावर जखम असेल तर हे काम दुसऱ्याने करावे.

एक लिटर पाण्यात 15 ग्रॅम, म्हणजे साधारण तीन सपाट चमचे, ताजी ब्लीचिंग पावडर कालवा. हे पाणी घरट्यावर आणि लेंड्यांवर हळूच ओता, जोरात फेकू नका. दहा मिनिटे थांबा. या पाण्यात फिनेल किंवा संडास धुण्याचे ॲसिड चुकूनही मिसळू नका. ॲसिड पडले तर विषारी वायू निघतो.

भिजलेले घरटे जुन्या वर्तमानपत्राने उचलून पिशवीत भरा. मग जाळी, सळ्या, राखेचा ट्रे सुटे करून साबण आणि गरम पाण्याने तारेच्या ब्रशने घासा. ब्लीचिंगचे पाणी लोखंड खाते, म्हणून दोनदा स्वच्छ पाण्याने धुवा. उन्हात वाळवा. आता मात्र आगीचे काम आहे. नुसता कोळसा लालबुंद करून रिकामी जाळी अर्धा तास तापवा. निवल्यावर तेलाचे बोट फिरवा. मोजे काढल्यावर हात साबणाने धुवा.

गॅसची शेगडी असेल तर रबरी नळी बोटाबोटाने तपासा. ती कुरतडलेली दिसली तर चिकटपट्टी लावून भागवू नका, नवीच घ्या. गळती पाहायची ती साबणाच्या फेसाने, काडी पेटवून नव्हे.

पिल्ले सापडली तर?

हा प्रश्न आपल्या घरात हमखास निघतो. आपण पंचशील घेतलेली माणसे, मग करायचे काय? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. घरात रोग शिरत असताना हातावर हात ठेवून बसा, असे धम्म सांगत नाही. पण निष्कारण जीव घेण्याची हौसही धम्मात बसत नाही. शेगडी उघडी करून एक रात्र निवांत ठेवा. गजबज झाली की मादी बहुधा पिल्ले उचलून दुसरीकडे नेते. सकाळी सफाई करा. पिवळ्या फॉस्फरसचे उंदीरमार मलम मात्र घरात आणूच नका. त्यावर उतारा नाही आणि ते लहान मुलाच्या हाती लागायला वेळ लागत नाही.

पिशवी कोण उचलणार?

आपली सफाई इथे संपत नाही. घरट्याची पिशवी उद्या घंटागाडीवरचा कामगार उचलणार आहे, आणि पुष्कळदा उघड्या हाताने. हे हात कुणाचे? पिढ्यान्‌पिढ्या गावाची मेलेली जनावरे आणि घाण ज्यांच्या माथी मारली, त्यांचेच. बाबासाहेबांनी ते काम सोडायला सांगितले आणि आपण सोडले. आज जो भाऊ ते करतो त्याच्या अंगावर आपण आपली घाण उघडी टाकणार काय? म्हणून पिशवीत आणखी थोडे ब्लीचिंगचे पाणी घाला, तोंड घट्ट बांधा, ती दुसऱ्या पिशवीत घालून पुन्हा बांधा आणि देताना सांगा, "दादा, यात उंदराची घाण आहे, मोजे घालून घ्या."

घरातही तोच न्याय. हे काम एकट्या आईच्या किंवा सुनेच्या गळ्यात पडू नये. शेगडीवरचे खायला सगळे असतात, मग धुवायलाही सगळ्यांनी असावे.

पुन्हा येऊ नये म्हणून

उंदीर येतो तो चरबीच्या वासाने. वापर झाला की जाळी त्याच दिवशी घासा, राख आणि हाडे काढून टाका. पावसाळ्याआधी शेगडी धुऊन, जमिनीपासून वर, फळीवर ठेवा. मोकळ्या भोकांना बारीक तारेची जाळी लावा. महिन्यातून एकदा ताडपत्री उचलून पाहा.

इतके करूनही सफाईनंतर महिनाभरात ताप, पोटऱ्यांत कळा, डोळे लाल अशी लक्षणे दिसली तर अंगारे-धुपारे नकोत. थेट दवाखाना गाठा आणि "उंदराची घाण साफ केली होती" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. लेप्टोवर औषध आहे. वेळेवर घेतले तर माणूस बरा होतो.

जय भीम!