दोन हेक्टरची रेघ

माझी भाची परवा वही घेऊन आली आणि म्हणाली, "मामू, आयतालेखात वर्ग कुठून कुठपर्यंत घ्यायचे?" श्रोतेहो, मी बी.ए. झालेला माणूस. मात्रा मोजण्यापलीकडे गणिताशी माझा संबंध उरलेला नाही. पण मामू म्हटल्यावर माघार कशी घेणार?

पाठ्यपुस्तकात वर्ग आयते दिलेले असतात. हिच्या हाती मात्र प्रकल्पासाठी २०१५-१६ च्या कृषी गणनेची देशभराची आकडेवारी होती. एक हेक्टरच्या आतले अत्यल्प भूधारक सुमारे ६८.५ टक्के, एक ते दोन हेक्टरवाले १७.६, दोन ते चारवाले ९.६, चार ते दहावाले ३.८ आणि दहाच्या वरचे अर्ध्या टक्क्याहून थोडे अधिक. तिनं सारख्या रुंदीचे पाच आयत काढले होते. दिसायला नीटस, पण चूक.

आयतालेखात डोळा उंची पाहत नाही, क्षेत्रफळ पाहतो. दोन ते चार हा वर्ग दोन हेक्टर रुंद आहे, चार ते दहा हा सहा हेक्टर. वर्ग जितका रुंद, तितका आयतही रुंद हवा आणि उंची त्या प्रमाणात उतरायला हवी. म्हणून ९.६ ला दोनानं भागायचं, उंची ४.८. आणि ३.८ ला सहानं, म्हणजे जेमतेम ०.६. हा आयत जवळजवळ जमिनीलाच टेकतो. शेवटच्या वर्गाला तर वरची हद्दच नाही. त्याचा आयत काढायचा तरी कसा?

वर्ग किती घ्यावेत, यासाठी हर्बर्ट स्टर्जेस यांनी १९२६ मध्ये एक सूत्र दिलं. त्यानुसार ६४ नोंदींना सात वर्ग, १२८ ला आठ; नोंदी दुप्पट झाल्या की वर्ग एकानं वाढवायचा. पण हे सूत्र मधे फुगलेल्या आणि दोन्ही बाजूंना सारख्या उतरत्या आकड्यांसाठी आहे. जमिनीचे आकडे तसे नाहीत, ते सगळे डावीकडे दाटलेले. जिथं दाटी, तिथं वर्ग बारीक हवेत. याच गणनेत अत्यल्प भूधारकाची सरासरी जमीन आहे ०.३८ हेक्टर, म्हणजे एकरभरही नाही. या वर्गात जमिनी सारख्या पसरलेल्या असत्या तर सरासरी ०.५ च्या आसपास आली असती. म्हणजे त्या एका उंच आयताच्या पोटात आणखी एक उतार दडलेला आहे. मूळ तक्त्यात अर्ध्या हेक्टरच्या आतले वेगळे दिलेले असतात. पाचच गट करताना ते विरघळून जातात.

आता हद्दीचं. आमचे अब्बा जमिनीचं माप एकरातच सांगत, हेक्टर त्यांच्या तोंडी कधी आलं नाही. सातबाऱ्यावर हेक्टर-आर, बोलण्यात एकर-गुंठे. बोलताना माणूस ठोक आकडा सांगतो, पाच एकर. पाच एकर म्हणजे २.०२ हेक्टर. जिथं आकड्यांचा ढीग पडतो, नेमकी तिथंच आपण हद्दीची रेघ मारतो! बरोबर दोन हेक्टर असतील तर? कृषी गणनेच्या रीतीनं तो माणूस दोन ते चारच्या गटात जातो. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत मात्र 'दोन हेक्टरपर्यंत' म्हणजे तो अल्पभूधारकच.

त्या वेळी या रेघेला फार मोल आलं होतं. रेघेच्या आत थकबाकीला पूर्ण माफी; बाहेरच्यानं साधारणपणे पाऊण रक्कम भरली तर पाव सूट. ओलिताखालची चार एकर आत बसली, विदर्भातली कोरडवाहू सात एकर बाहेर राहिली. दोन्हींचं पीक कोणी तोलून पाहिलं नव्हतं, मोजली होती ती नुसती जमीन. विदर्भातून तेव्हा हीच ओरड झाली, आणि मला ती रास्त वाटते.

भाचीनं आलेख पुन्हा काढला. पहिल्या आयताचे दोन भाग केले, अर्ध्या हेक्टरवर रेघ मारून. दोन्हींना अर्ध्यानं भागायचं, हे तिचं तिलाच सुचलं. मग म्हणाली, "मामू, दहाच्या वरच्यांचं काय करू?" म्हटलं, काढूच नकोस, खाली टीप लिही.

"आणि बरोबर दोन हेक्टरवाला?"

तो कुठं धरलास, तेही टिपेत लिही म्हटलं.