पी.टी.चा पांढरा बूट



शाळा उघडायच्या दिवसांत दुसरबीडच्या बाजारात वह्या-दप्तरांसोबत पी.टी.चे पांढरे बूट दिसतात. आपण शाळेत होतो तेव्हाही ते असेच होते. वर कापड, खाली रबर, मधे नाडी. चपलांची फॅशन दरवर्षी बदलते, मग हा बूट का बदलत नाही? आज तेच समजून घेऊ.

हा बूट मुळात टेनिसचा. इंग्लंडमध्ये हा खेळ हिरवळीवर खेळत. कातडी बुटाच्या टाचेनं गवत उखडायचं, म्हणून सपाट रबरी तळाचे हलके बूट आले. खेळाडूंचे कपडे पांढरे, तसे बूटही पांढरे. पण कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट होतं, थंडीत तडकतं. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना त्यावर उपाय सापडला. रबरात गंधक मिसळून तापवलं की ते लवचीकही राहतं आणि टिकतंही. आपल्याकडे १९३६ साली कोलकात्याजवळच्या बाटानगरात शाळकरी मुलांच्या पी.टी.साठी ‘बाटा टेनिस’ बूट निघाला. पुढे तशाच घडणीचे बूट अनेकांनी बनवले.

या बुटात एकही भाग उगाच नाही. वरचं जाड कापड सुती, आपल्या शेतात पिकतो त्या कापसाचं. त्यातून हवा खेळते, ते धुता येतं. बाजूच्या भोकांतून घामाची वाफ जाते. पुढची रबरी पट्टी बोटांना ठेचेपासून वाचवते. तळाच्या नक्षीमुळे पाय घसरत नाही. नाडीमुळे बूट पायाला धरून राहतो. बदलायचं कारणच पडलं नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. याचा तळ पातळ असतो. पोलीस भरतीसाठी रोज पळणाऱ्या मुलीला जाड, मऊ तळाचे पळायचे बूटच घ्या.

आता खरेदीची पारख. शक्यतो मुलीला सोबत न्या. नेता येत नसेल तर कागदावर तिला उभं करून दोन्ही पायांची आखणी काढून न्या. पाय सायंकाळी थोडे फुगतात, तेव्हाच माप घ्या. मोजे घालून, उभं राहून, अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. बूट वाकवून बघा, कापड आणि तळाचा जोड उकलत असेल तर ठेवून द्या. भावाचे जुने, सैल बूट मुलीला दिले तर ती पळताना पडते, मग खेळायचंच टाळते.

धुताना नाडी काढा. साबण राहिला तर डाग पिवळे पडतात, म्हणून भरपूर पाण्यात खळबळून घ्या. सावलीत वाळवा, कडक उन्हात रबर तडकतं.

शेवटी एक महत्त्वाचं. २०२३ साली राज्य सरकारनं सरकारी शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना मोफत बूट-मोजे द्यायचं ठरवलं. खरेदीचं काम शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलं. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. आपल्या गटातली कुणी समितीत असेल, तर बैठकीत विचारा: बूट आले का, प्रत्येकाचं माप घेतलं का, जोड पक्का आहे का? बूट काळा असो की पांढरा, पारख हीच.

मुलीच्या पायात नीट बसणारा बूट असला, की मैदानावर तिला मागे राहावं लागत नाही.