पालीची पाहुणी

आईवडील आहेत तोवर माहेर, असं आपल्याकडे म्हणतात. पण ते गेले, भावंडं पांगली आणि घरही विकलं गेलं, की माहेरच्या गावाचं काय करायचं? पुष्कळ जणी या प्रश्नापुढे गप्प बसतात. ‘आता तिथं आपलं कोण आहे?’ असं म्हणतात आणि गाव मनातल्या मनात कुलूपबंद करून टाकतात. माझंही बारा वर्षं पालीला जाणं झालं नव्हतं.

पाली म्हणजे रायगड जिल्ह्यातल्या सुधागड तालुक्याचं मुख्य गाव. साऱ्या महाराष्ट्राला ते बल्लाळेश्वराचं गाव म्हणून ठाऊक आहे. अष्टविनायकांपैकी भक्ताच्या नावानं ओळखला जाणारा हा एकच गणपती. आमच्या लहानपणी यात्रेच्या गाड्या यायच्या. माणसं उतरायची, दर्शन घ्यायची, पोह्याचे पापड आणि मिरगुंडं पिशवीत टाकायची आणि तासाभरात महडच्या वाटेला लागायची. आम्ही गावातली मुलं त्यांच्याकडे जरा वरूनच बघत असू. त्यांना काय कळणार पाली!

गेल्या थंडीत लेकीला घेऊन निघाले, ती त्यांच्यातलीच एक होऊन. भक्तनिवासात खोली घेतली. वहीत ‘कुठून आलात’ या रकान्यात ठाणे लिहिलं. ‘येण्याचे कारण’ यापुढे मात्र पेन थोडं अडखळलं. शेवटी सगळे लिहितात तेच लिहिलं : दर्शन.

गंमत अशी, की पाहुणी म्हणून गेले आणि गाव पहिल्यांदा नीट पाहिलं. देवळातली मोठी घंटा मी लहानपणी शेकडो वेळा ऐकली असेल. ती मूळची युरोपातली आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिकडच्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांना वाहिल्या गेल्या, त्यांतलीच ही एक. भीमाशंकरला आणि वाईजवळच्या मेणवलीलाही अशा घंटा आहेत. लेकीनं विचारलं, ‘आई, तू हे कधी सांगितलं नाहीस?’ कशी सांगणार? घरातल्या घड्याळाचा इतिहास कोण विचारतं?

तेच सरसगडाचं. पालीच्या डोक्यावर उभा असलेला हा डोंगर पगडीसारखा दिसतो, म्हणून त्याला पगडीचा किल्लाही म्हणतात. आमच्यासाठी तो पाऊस कुठवर आला हे सांगणारा डोंगर होता. यावेळी त्याच्या कातळात कोरलेल्या उंच उंच पायऱ्या दम खात, हात टेकत चढले. वरून देवळाचं शिखर, कौलांमध्ये उगवलेल्या गच्च्या आणि अंबा नदी दिसते. ही नदी एरवी गरीब. पण १९८९ च्या जुलैतल्या पुरात तिनं जवळच्या जांभूळपाड्यात केलेला कहर जुनी माणसं अजून विसरलेली नाहीत.

दुसऱ्या दिवशी उन्हेऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडांवर गेलो आणि तिथून सुधागडाच्या पायथ्याच्या पाच्छापूरला. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर १६८१ साली संभाजीराजांच्या आश्रयाला आला, तो इथं राहिला. बादशहाचं पूर म्हणून पातशहापूर, त्याचं झालं पाच्छापूर. १६८७ साली तो राजापूरहून गलबतात बसून इराणकडे गेला आणि तिकडेच वारला. दिल्लीला परतणं त्याच्या नशिबी नव्हतं. माझ्या गावची एसटी मात्र दररोज सुटत होती.

आमच्या आळीत शेवटी गेले. घराच्या जागी तीन मजली इमारत आहे. खाली मोबाइलचं दुकान. डोळ्यांत पाणी येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. परक्या बाईसारखी किती वेळ उभी राहणार, म्हणून कोपऱ्यावर पापड घ्यायला वळले. दुकानातल्या आजींनी चष्म्यावरून पाहिलं.

‘कुठून आलात?’

‘ठाण्याहून. पण मी इथलीच.’

‘इथली? कुणाची गं तू?’

त्या एका ‘गं’नं मी चाळीस वर्षं मागे गेले. वडिलांचं नाव सांगितलं. ते काही त्यांना आठवेना. मग घराची खूण सांगितली, तसा त्यांचा चेहरा उजळला. ‘तो परसातला रायवळ आंबा! आम्ही दगड मारायचो आणि तुझी आजी काठी घेऊन धावायची.’ घर गेलं, आंबा तर केव्हाच तुटला. पण तो आमचा होता याला गावात अजून एक साक्षीदार आहे. लेकीला तोवर तिची पणजी केवळ भिंतीवरच्या तसबिरीतून माहीत होती. ती खोलीवर परतेपर्यंत त्या काठीबद्दलच विचारत राहिली.

म्हणून सांगावंसं वाटतं : घर नाही म्हणून गाव टाळू नका. हक्क संपला तरी ओळख संपत नाही. आणि हक्क असताना जे पाहायचं राहून गेलं, ते पाहुण्याला दिसतं. जाताना मुलांना, नातवंडांना बरोबर न्या. मात्र तासाभराचं दर्शन नको, एक रात्र तरी मुक्काम करा. आणि कोपऱ्यावरच्या दुकानात कुणी ‘कुठून आलात’ विचारलं, तर पुढचं वाक्य गिळू नका. ‘मी इथलीच’ असं म्हणून पाहा. विचारणारी माणसंही आता थोडीच उरली आहेत.